पहिला गेमिंग संगणक : थोड्या पैशांत, परभणीच्या हवेत

परभणी, विशेष प्रतिनिधी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की परभणीतील अनेक घरांत संगणकाचा विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला तो हवा असतो खेळांसाठी, घरातील वडीलधाऱ्यांना हवा असतो अभ्यासासाठी, आणि हाती असलेली रक्कम दोन्हींना जेमतेम पुरेल एवढीच असते. कापूस आणि सोयाबीनच्या पैशांवर चालणाऱ्या या जिल्ह्यात तेवढी रक्कम पुन्हा उभी राहायला कधी कधी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते. साहजिकच पहिली खरेदी फसली, तर ती सुधारण्याची संधी लगेच मिळत नाही.

फसण्याच्या जागाही थोड्या नाहीत. रंगीत दिव्यांचे कॅबिनेट, त्यावर ‘आय सेव्हन’ची चकचकीत चिठ्ठी आणि सोबत ‘चार जीबी ग्राफिक्स कार्ड’ असा तयार ‘गेमिंग पीसी’ स्वस्तात मिळतो. घरी आणल्यावर कळते, की प्रोसेसर दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे, ग्राफिक्स कार्ड खेळांसाठी बनवलेलेच नव्हते आणि एसएमपीएसवर कंपनीचे धड नावही नाही. दिवे मात्र उत्तम लागतात.

हा लेख अशा पहिल्या खरेदीसाठी आहे. तंगीत खरेदी करणाऱ्याने एकच सूत्र लक्षात ठेवावे. पहिला संगणक परिपूर्ण नसला तरी चालेल, तो पुढे वाढवता आला पाहिजे. म्हणून जे भाग पाच-सात वर्षे टिकायचे आहेत, त्यांवर आधी पैसा घालावा. जे नंतर सहज बदलता येतात, त्यांना थांबवावे. आणि परभणीत राहणाऱ्याने वीज व उन्हाळा या दोन गोष्टी अंदाजपत्रकातच धराव्यात.

संगणक जोडता येतो, तो का?

आयबीएमने १९८१ मध्ये आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, तेव्हा त्याची रचना बऱ्याच अंशी खुली ठेवली. त्यामुळे इतर कंपन्यांना त्याला जुळणारे भाग बनवता आले. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे मानक आणले. मदरबोर्डची मापे, स्क्रूच्या जागा, एसएमपीएसच्या तारांची जोडणी हे सारे त्यात ठरून गेले. आज एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीचा एसएमपीएस आणि तिसरीचे कॅबिनेट एकत्र बसते, ते या मानकांमुळे.

लॅपटॉपमध्ये ही सोय फारच थोडी आहे. त्यातील ग्राफिक्सचा भाग बहुधा बदलता येत नाही आणि एक भाग बिघडला की सारे यंत्र दुरुस्तीला जाते. टेबलावरच्या संगणकात रॅम आज आठ जीबी आणि पुढच्या वर्षी सोळा जीबी, ग्राफिक्स कार्ड पुढच्या दिवाळीला, असे टप्पे पाडता येतात. थोड्या पैशांत खेळांसाठी यंत्र हवे असेल, तर जोडलेला संगणक सरस ठरतो तो यामुळेच.

आधी तीन प्रश्न

दुकानाची पायरी चढण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात.

पहिली, नेमके कोणते खेळ खेळायचे? २०२० मध्ये आलेला ‘व्हॅलोरंट’ साध्या यंत्रावरही चालतो. २०२३ मध्ये आलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक २’ला त्याहून अधिक बळ लागते. ‘जीटीए ५’ हा २०१५ मध्ये संगणकावर आलेला खेळ आजच्या मध्यम यंत्रावर उत्तम चालतो. मात्र गेल्या एक-दोन वर्षांतील मोठे खेळ स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय खेळण्याजोगे चालत नाहीत. प्रत्येक खेळाच्या पानावर ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेली’ अशा दोन याद्या असतात. त्यांतील दुसरी पाहावी. किमान यादीवर खेळ सुरू होतो एवढेच.

दुसरी गोष्ट, पडदा कोणता? १९२० बाय १०८० या मापाचा पडदा पहिल्या संगणकाला पुरेसा आहे. त्याहून मोठ्या मापाचा घेतला, तर ते चित्र रंगवायला महाग कार्ड लागते. घरात एचडीएमआय जोडणीचा टीव्ही असेल, तर सुरुवातीचे सहा महिने त्यावर काढता येतात आणि मॉनिटरचे पैसे दुसरीकडे वळवता येतात.

तिसरी गोष्ट, एकूण रक्कम किती आणि तीत काय काय येते? की-बोर्ड, माउस, हेडफोन, यूपीएस आणि विंडोजचा परवाना हे खर्च बहुतेकांच्या हिशेबातून सुटतात. विंडोज टाळायचे असेल, तर लिनक्स मोफत आहे. स्टीम या खेळविक्री सेवेने २०१८ पासून विंडोजचे अनेक खेळ लिनक्सवर चालवण्याची सोय केली आहे. ‘काउंटर-स्ट्राइक २’ लिनक्सवर थेट चालतो; ‘व्हॅलोरंट’ मात्र चालत नाही.

शंभर रुपयांचे वाटप

मॉनिटर आणि यूपीएस बाजूला ठेवून केवळ पेटीचा विचार केला, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात दर शंभर रुपयांचे वाटप साधारण असे बसते : ग्राफिक्स कार्ड ३५ रुपये, प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून २५, रॅम व एसएसडी मिळून २५, एसएमपीएस व कॅबिनेट मिळून १५. म्हणजे ५० हजार रुपये हाती असतील, तर कार्डाला साडेसतरा हजार, प्रोसेसर-मदरबोर्डला साडेबारा हजार, रॅम-एसएसडीला तेवढेच आणि एसएमपीएस-कॅबिनेटला साडेसात हजार येतात. भाव दर आठवड्याला हलतात. प्रमाण मात्र फारसे हलत नाही. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये प्रोसेसरच निम्मी रक्कम खात असेल किंवा एसएमपीएसपुढे ‘कॅबिनेटसोबत मोफत’ असे लिहिले असेल, तर ते कोटेशन परत करावे.

एरवी या वाटपात रॅम-एसएसडीचा वाटा इतका मोठा नसता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपला प्रचंड मागणी आली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रूशियल’ या नावाने सर्वसामान्य ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्याचे जाहीर केले. म्हणून वर्ष-दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतील किंवा मासिकातील किमती धरून हिशेब करू नये. खरेदीच्या आठवड्यातील भाव पाहूनच आकडे मांडावेत.

मार्ग पहिला : कार्ड नंतर

रक्कम फारच तोकडी असेल, तर ज्या प्रोसेसरमध्येच खेळांजोगे ग्राफिक्स आहे, तो घेऊन सुरुवात करावी. एएमडीचा २०२१ मधील ‘रायझन ५ ५६००जी’ हा या गटातील सर्वपरिचित प्रोसेसर. त्यात सहा कोर आहेत आणि त्याची ठरीव वीजगरज ६५ वॅट आहे. ‘व्हॅलोरंट’सारखे खेळ तो कार्डाशिवाय सहज चालवतो. २०२४ मधील ‘रायझन ५ ८६००जी’ त्याहून पुढचा आहे. पण त्याला ‘एएम ५’ सॉकेटचा मदरबोर्ड आणि ‘डीडीआर ५’ रॅम लागते, म्हणजे खर्च वाढतो. त्या बदल्यात त्याच मदरबोर्डवर पुढे नव्या पिढीचा प्रोसेसर बसवता येतो.

या मार्गावर एक गोष्ट पक्की करावी : रॅमची एक मोठी पट्टी न घेता दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. प्रोसेसरमधील ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवते. एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या असल्या, की मेमरीकडे जाणारी वाट दुप्पट रुंद होते आणि खेळातील फरक डोळ्यांना दिसतो. सोळा जीबीची एक पट्टी आणि आठ-आठच्या दोन पट्ट्या यांत दुसरी निवड करावी.

मार्ग दुसरा : स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड

पन्नास हजारांच्या आसपास रक्कम असेल, तर स्वतंत्र कार्डाचा विचार करता येतो. २०२२ च्या जानेवारीत आलेला इंटेलचा ‘आय थ्री १२१००एफ’ हा चार कोरचा प्रोसेसर या कामी बराच वापरला जातो. इंटेलच्या क्रमांकाअखेरचे ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड बसवल्याशिवाय या यंत्रावर पडदा उजळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कार्डांमध्ये एएमडीचे ‘आरएक्स ६६००’, एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ३०५०’ आणि इंटेलची ‘आर्क’ मालिका अशी नावे या टप्प्यात समोर येतात. ‘आर्क’ घ्यायचे असेल, तर मदरबोर्डमध्ये ‘रिसायझेबल बार’ ही सोय आहे का, ते आधी पाहावे. तिच्याशिवाय ही कार्डे अडखळतात. ‘आरटीएक्स ३०५०’ दोन प्रकारांत मिळते. आठ जीबीच्या मूळ कार्डाला सुमारे १३० वॅट लागतात. २०२४ मध्ये आलेल्या सहा जीबीच्या प्रकाराला केवळ ७० वॅट. नाव एकच असले, तरी सहा जीबीचे कार्ड वेगाने कमी आहे. म्हणून बिलावर जीबीसकट पूर्ण नाव लिहून घ्यावे.

‘जीटी ७१०’ आणि ‘जीटी ७३०’ ही २०१४ मधील कार्डे अजूनही ‘गेमिंग कार्ड’ म्हणून गळ्यात मारली जातात. त्यांवर चार जीबी लिहिलेले असले, तरी तो आकडा वेगाचा नव्हे. वर सांगितलेल्या ‘५६००जी’मधील ग्राफिक्सदेखील त्यांच्यापेक्षा सरस आहे. अशा कार्डावर खर्च झालेले पैसे वाया गेले असेच समजावे.

जुन्या कार्डांच्या बाबतीत आणखी एक पार्श्वभूमी माहीत असावी. इथेरियम या आभासी चलनाचे उत्खनन ग्राफिक्स कार्डांवर चालत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि रात्रंदिवस राबवलेली हजारो कार्डे सेकंडहँड बाजारात उतरली. अशी सगळीच कार्डे निकामी नसतात. पण पंखे झिजलेले आणि आतील थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. विक्रेत्यासमोर किमान अर्धा तास खेळ चालवून, तापमान पाहून आणि पंख्याचा आवाज ऐकूनच पैसे द्यावेत. एनव्हिडियाने २०२५ मध्ये ‘जीटीएक्स १०००’ मालिकेसाठी नव्या खेळांनुसार येणारे ड्रायव्हर थांबवले आहेत, हेही भाव करताना विक्रेत्याला सांगता येते.

मार्ग तिसरा : कार्यालयातील जुना संगणक

बँका आणि मोठ्या कंपन्या आपले संगणक काही वर्षांनी एकदम बदलतात. डेल, एचपी, लेनोव्हो यांचे असे वापरलेले संगणक ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळतात. त्यांत एक कार्ड बसवले, की कमी पैशांत खेळांचे यंत्र तयार होते. परंतु तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली म्हणजे पिढी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. ‘आय फाइव्ह ८५००’मधील पहिला आकडा आठ म्हणजे आठवी पिढी, ‘१२१००’मधील पहिले दोन आकडे बारा म्हणजे बारावी. ‘आय सेव्हन २६००’ ही दुसरी, म्हणजे २०११ मधील पिढी. आजचा ‘आय थ्री’ तिला सहज मागे टाकतो. म्हणून ‘थ्री’, ‘फाइव्ह’, ‘सेव्हन’पेक्षा त्यापुढचे आकडे वाचावेत.

दुसरी गोष्ट पेटीची रुंदी. पातळ पेटीत पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही. उभी, रुंद ‘टॉवर’ पेटीच घ्यावी. तिसरी गोष्ट एसएमपीएस. या कंपन्यांचे एसएमपीएस अनेकदा त्यांच्याच मापाचे असतात आणि त्यांत कार्डासाठी वेगळी तार नसते. अशा ठिकाणी ७० वॅटचे सहा जीबी ‘आरटीएक्स ३०५०’ उपयोगी पडते, कारण त्याच्या बहुतेक प्रकारांना स्वतंत्र वीजजोडणी लागत नाही.

वीज : येथे काटकसर नको

एसएमपीएस हा संगणकाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. त्याच्यामुळे खेळाचा वेग वाढत नाही, म्हणून तरुण ग्राहक त्यावर पैसे घालायला राजी नसतात. परंतु तो बिघडला, तर एकटा जात नाही; मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. वर सांगितलेल्या यंत्रांना ४५० ते ५५० वॅटचा, ‘८० प्लस’ प्रमाणपत्र असलेला, नामांकित कंपनीचा एसएमपीएस पुरतो. हाच भाग पुढच्या दोन संगणकांतही वापरता येतो.

खेड्यापाड्यांसाठी एक बारकावा महत्त्वाचा आहे. एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यावर ‘इनपुट’चा आकडा असतो. काहींवर २०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, काहींवर १०० ते २४०. रब्बीच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या, की अनेक ठिकाणी दाब खाली जातो आणि दिवे मंदावतात. अशा वेळी पहिल्या प्रकारचा एसएमपीएस संगणक बंद पाडतो, दुसरा तो दाब सोसतो. परभणी शहराबाहेर राहणाऱ्यांनी १०० ते २४० चाच घ्यावा.

अर्थिंग तपासणे त्याहून महत्त्वाचे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर संगणक खराब आहे असे अनेकांना वाटते. बहुधा दोष भिंतीतील प्लगचा असतो. एसएमपीएसमधील गाळणीतून थोडा प्रवाह कॅबिनेटवर येतो आणि अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. नसेल तर तो हाताला जाणवतो. जुन्या घरांत तीन छिद्रांचा प्लग असतो, पण वरच्या छिद्रामागे तारच नसते. संगणक आणण्यापूर्वी वायरमनकडून हे पाहून घ्यावे. हा खर्च संगणकाच्या मानाने किरकोळ आहे.

यूपीएसचे काम खेळ पूर्ण करू देण्याचे नसून संगणक नीट बंद करू देण्याचे आहे. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साडेतीनशे वॅटच्या आसपासच देतो. कार्ड असलेल्या यंत्राला १००० व्हीएचा बरा. घरात आधीच इन्व्हर्टर असेल, तर त्यामागील कळ ‘यूपीएस’ बाजूला करून पाहावी. मात्र जुन्या ‘स्क्वेअर वेव्ह’ इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएस कधी कधी कुरकुरतात किंवा बंद पडतात. ‘साइन वेव्ह’ इन्व्हर्टरवर ही अडचण येत नाही. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की विजेचा प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत. केवळ कळ बंद करणे पुरेसे नाही.

वीजबिलाची धास्ती मात्र फार बाळगू नये. मॉनिटरसह ३०० वॅट घेणारे यंत्र रोज तीन तास चालवले, तर महिन्याला २७ युनिट होतात. तेवढ्याने महावितरणच्या बिलात घर १०० युनिटच्या टप्प्यापलीकडे जाते का, एवढेच पाहावे. कारण पुढील युनिटांचा दर वेगळा असतो.

उन्हाळा, धूळ आणि कूलर

मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर जाणे नवे नाही. संगणकाचे पंखे आतील भाग थंड करतात ते खोलीतल्या हवेनेच. खोलीचे तापमान २५ वरून ३८ अंशांवर गेले, तर प्रोसेसर आणि कार्ड यांचे तापमानही जवळपास तेवढ्याच अंशांनी चढते. ‘५६००जी’ला ९५ अंशांची आणि ‘१२१००एफ’ला १०० अंशांची मर्यादा आहे. ती गाठली, की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि दुपारी चाललेला खेळ अडखळू लागतो. ग्राहकाला वाटते, कार्ड खराब झाले.

म्हणून कॅबिनेट निवडताना काचेचा दर्शनी भाग टाळून जाळीचा घ्यावा. पुढे हवा आत ओढणारा एक आणि मागे बाहेर टाकणारा एक, असे दोन पंखे किमान असावेत. पेटी लाकडी टेबलाच्या बंद खणात ठेवू नये आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी.

घरोघरी चालणारा पाण्याचा कूलर खोली थंड करतो, ही मदतच आहे. पण त्याच्या झोतात संगणक ठेवू नये. ओलसर हवेत धूळ पंख्यांवर चिखलासारखी बसते आणि उडालेल्या थेंबांतील क्षार बोर्डवर राहतात. कूलर एका भिंतीला, संगणक त्याच्या आडव्या बाजूला आणि खिडकी उघडी, अशी मांडणी करावी.

या जिल्ह्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे कापसाचा तंतू. मानवत, सेलूसारख्या बाजारपेठांत आणि भाव येईपर्यंत कापूस घरातच रचून ठेवणाऱ्या कुटुंबांत हंगामात हवेत बारीक तंतू असतात. ते पंख्यात आणि प्रोसेसरवरील जाळीत अडकून लोकरीसारखा थर तयार करतात. वेचणीच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी दोन महिन्यांनी मऊ कुंचल्याने सफाई करावी. सफाई करताना पंखा बोटाने धरून ठेवावा.

खरेदी कोठे?

परभणीतील दुकानात पर्याय थोडे आणि भाव किंचित चढे असू शकतात. पण पहिल्याच आठवड्यात काही अडले, तर माणूस समोर असतो. मोठ्या बाजारांचा विचार केला, तर मराठवाड्याला दोन दिशा खुल्या आहेत. एक मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. दुसरी सिकंदराबादेतील परेड ग्राउंडजवळचे चिनॉय ट्रेड सेंटर. देवगिरी एक्स्प्रेस ही एकच गाडी परभणीला या दोन्ही शहरांशी जोडते. एका संगणकासाठी प्रवास परवडेलच असे नाही. दोघा-तिघा मित्रांची खरेदी एकत्र असेल, तर हिशेब जुळतो.

व्यवहार्य मार्ग मधला आहे. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी हे लहान, सहसा न बिघडणारे भाग ऑनलाइन मागवावेत; मॉनिटर, कॅबिनेट आणि यूपीएस या जड वस्तू गावात घ्याव्यात. ऑनलाइन आलेले खोके उघडताना सुरुवातीपासून चित्रण करावे.

बिलाविना स्वस्त देण्याची तयारी काही विक्रेते दाखवतात. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे; म्हणजे ५० हजारांच्या बिलात सुमारे ७,६०० रुपये कराचे असतात. मोह साहजिक आहे. परंतु बिल नसेल, तर वॉरंटी मागताना हाती काहीच राहत नाही. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि खोकी वॉरंटीभर जपावीत.

फसवणूक झालीच, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उपयोगी पडतो. ग्राहक जेथे राहतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी परभणीत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

जोडणीचा दिवस

जोडणीला एक चांगला स्टार स्क्रू-ड्रायव्हर, मोकळे टेबल आणि तीन-चार तास लागतात. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. म्हणून भागांना हात लावण्यापूर्वी नळासारख्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. गालिचावर बसून काम करू नये.

क्रम असा ठेवावा. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसरवरील त्रिकोणाची खूण सॉकेटवरील खुणेशी जुळवावी. प्रोसेसर स्वतःच्या वजनाने बसतो. दाबावा लागला, तर दिशा चुकली आहे. मग एसएसडी, त्यानंतर रॅम. दोन पट्ट्या असतील, तर बहुतेक चार खाचांच्या बोर्डांत त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. नंतर प्रोसेसरचा पंखा. सोबत आलेल्या पंख्याला थर्मल पेस्ट बहुधा आधीच लावलेली असते. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये, त्यानंतर एसएमपीएसच्या तारा आणि अखेरीस ग्राफिक्स कार्ड.

संगणक पहिल्या झटक्यात सुरू झाला नाही, तर घाबरू नये. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असते : रॅम पूर्ण बसलेली नाही, प्रोसेसरजवळची आठ पिनांची तार जोडायची राहिली आहे, किंवा मॉनिटरची तार कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली आहे. सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचा ‘एक्सएमपी’ चालू करावा. नाही तर जास्त वेगाची रॅम कमी वेगाने चालत राहते आणि त्यासाठी दिलेले पैसे फुकट जातात.

इंटरनेट आणि घरचा प्रश्न

काही खेळ एकटेच १०० जीबीच्या पुढे जातात. रोज दोन जीबी देणाऱ्या मोबाइल योजनेवर असा खेळ उतरवायला पन्नास दिवस लागतील. त्यामुळे किमान ५०० जीबीची एसएसडी आणि फायबर जोडणी यांचा विचार आधीच करावा. जोडणी नसेल, तर मित्राच्या डिस्कवरून खेळाचे फोल्डर आणता येते; आपल्या खात्यातील खेळ स्टीम तपासून घेते आणि उरलेलाच भाग उतरवते. ‘व्हॅलोरंट’ व ‘काउंटर-स्ट्राइक २’ या दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि दोन्ही खेळ मोफत आहेत. पहिल्या वर्षी खेळ विकत घेण्याची गरज पडतेच असे नाही.

‘खेळांसाठी एवढे पैसे?’ हा घरचा प्रश्न टाळू नये, त्याला सरळ उत्तर द्यावे. २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्‌सला वेगळी मान्यता दिली. पालकांनी हा फरक समजून घ्यावा आणि मुलांनीही. मात्र खेळून करिअर होईल, या आशेवर घरची रक्कम मागणे योग्य नाही. ते फार थोड्यांना साधते.

संगणकाच्या बाजूने त्याहून भक्कम मुद्दा आहे. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गांत या जिल्ह्यातील अनेकांनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला. तेथे यंत्र दुसऱ्याचे आणि वेळ ठरलेली होती. खेळांसाठी जोडलेले यंत्र प्रोग्रॅमिंग, चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय रेखाटन या साऱ्यांना पुरून उरते, कारण त्या कामांनाही तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड लागते. आणि ज्याने ते स्वतःच्या हाताने जोडले, त्याला ते बिघडल्यावर उघडण्याचे भय राहत नाही.

थोडक्यात

रक्कम ठरवावी आणि तीत यूपीएस व अर्थिंग धरावे. एसएमपीएस व मदरबोर्ड चांगले घ्यावेत; कार्डाला पैसे नसतील, तर थांबावे, पण जुने निरुपयोगी कार्ड घेऊ नये. प्रोसेसरचे नाव वाचण्याऐवजी त्याचा क्रमांक वाचावा. दिव्यांऐवजी जाळीचे कॅबिनेट निवडावे. बिलावर अनुक्रमांक घ्यावेत. रॅमचा भाव खरेदीच्या दिवशी पुन्हा विचारावा आणि यादीतील एखादा भाग बजेटबाहेर गेला, तर एसएमपीएस वगळता इतर कोठेही कात्री लावावी.